नवव्या भागातला अंगठा

१ जानेवारी २००४, गुरुवार. सकाळी ६.१०

नवी डायरी. कंपनीने दिली. मागच्या वर्षीची नऊ जानेवारीपर्यंत लिहिली होती, पण ते वर्षच तसं होतं.

संकल्प : १. रोज लिहिणे. २. मोजकं बोलणे. ३. ‘आपल्या हद्दीत’ रसिक मंडळाचं अध्यक्षपद निःस्वार्थपणे सांभाळणे.

ही डायरी कोणी वाचणार नाही. तरी नोंद असावी म्हणून : ‘आपल्या हद्दीत’ ही दूरदर्शनवरची तेरा भागांची पोलिसी मालिका, सन १९८८. त्यात इन्स्पेक्टर दरेकर. त्यानंतर टीव्हीवर गुन्हे पुष्कळ झाले, तपास एकही झाला नाही. नववा भाग आपल्या नाशकात शूट झाला, सोमेश्वरजवळ नदीकाठी. त्यात चादरीखाली जे प्रेत आहे ते मी.

चेहरा दिसत नाही. पाय दिसतात. पायांतही माणूस कळतो.

मालिकेच्या शेवटी नावं यायची त्यात लाइटवाल्याचं होतं, जीपवाल्याचं होतं. माझं नव्हतं. आता मंडळ स्मरणिका काढतंय. २९ फेब्रुवारीला प्रकाशन. त्यात संपूर्ण श्रेयनामावली छापणार. ‘प्रेत : भारत पुंजाराम पेखळे.’ सोळा वर्षं सातपूरला स्टोअरकीपर आहे, नटबोल्टच्या पावत्या सोडून कशावर माझं नाव नाही. ही एक ओळ पुरे. बाकी मोह नाही.

४ जानेवारी, रविवार

मंडळाची सभा, महेशच्या झेरॉक्सच्या दुकानात. महेश सेक्रेटरी. सभासद अकरा, हजर सहा.

विषय : दरेकरांची जीप कायम उतारावरूनच का येते? महेशचं म्हणणं, जीपचा स्टार्टर गेला होता, ढकलूनच आणायचे. कोणी सांगितलं, विचारलं. म्हणाला, आतेभावाच्या मित्राने. अशाने इतिहास होत नाही. मी तिथल्या तिथे ठराव मांडला : पडद्यामागची कोणतीही माहिती पंचनामा केल्याशिवाय धरायची नाही. दोन पंच, दोन सह्या. एकदा सह्या झाल्या की पंचनामा फाडायचा नाही, बदलायचा नाही, अध्यक्षांनीसुद्धा. शेवटचे दोन शब्द मीच घातले. उदाहरण घालून द्यावं लागतं.

साळूबाईंनी अनुमोदन दिलं. त्या रिटायर्ड शिक्षिका. मालिकेबद्दल इतक्या कडक की जाहिरातीतसुद्धा कोणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. मल्हारी म्हणाला, माझी काही हरकत नाही, रिक्षा बाहेर उभी आहे, लवकर आटपा.

११ जानेवारी, रविवार

आज ‘ती नजर’. नवव्या भागात दरेकर प्रेताजवळ येतात, खाली बघतात आणि त्यांच्या डोळ्यांत जे काही येतं. संवाद नाही. म्युझिक नाही. नुसते डोळे. अभिनय म्हणजे काय, ते तिथे कळतं.

महेश म्हणाला, नटाने त्या दिवशी उपास केला होता. साळूबाई म्हणाल्या, उपासाने असे डोळे होत नाहीत, त्यांनी मनात स्वतःचा मृत्यू पाहिला. मी प्रत्यक्षदर्शी म्हणून पन्नास मिनिटं बोललो. महेशने विचारलं, चादर तोंडावर असताना दिसलं कसं? सांगितलं, काही गोष्टी दिसत नाहीत, जाणवतात. दिग्दर्शक मला म्हणाले होते, पेखळे, तुमच्यासारखं प्रेत दहा वर्षांत पाहिलं नाही. (ते ‘ए, हलू नको रे’ असं म्हणाले होते. भावार्थ तोच.)

घरी शुभांगीने विचारलं, आज सभेत कोण कोण बोललं? तिला टोमणे मारायला सभासद व्हावं लागत नाही.

संकल्प क्र. २ रविवार सोडून लागू.

१६ जानेवारी, शुक्रवार

सृष्टीच्या शाळेतून चिठ्ठी. आठवीत आहे. ‘माझे वडील’ या निबंधाची सुरुवात तिने अशी केली : ‘माझे वडील १९८८ साली मेले आणि अजरामर झाले.’ बाईंनी आईला भेटायला बोलावलं. शुभांगी जाऊन आली. म्हणाली, बाई रडवेल्या झाल्या होत्या, मला बसायला खुर्ची दिली, फी माफ करू म्हणाल्या.

मुलीचा बापावर एवढा विश्वास. डोळे भरून आले. निबंधाला दहापैकी तीन.

२५ जानेवारी, रविवार

महेशच्या वणीच्या मेव्हण्याकडे नवव्या भागाची व्हिडिओ कॅसेट सापडली. तेव्हा टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली. पंधरा वर्षांत कोणी हा भाग परत पाहिलेला नाही. पुढच्या रविवारी महेशच्या घरी सगळ्यांनी बघायचा. त्यानंतर लगेच माझा पंचनामा, म्हणजे नाव छापायला मोकळं.

टाचा दगडाने घासायला घेतल्या आहेत. लोक पाय ताडून पाहणारच.

१ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४

कॅसेट पाहिली.

दरेकर जीपमधून उतरतात (उतारावर). हवालदार म्हणतो, साहेब, मरून बारा तास झाले. आणि माझ्या उजव्या पायाचा अंगठा हलतो.

थोडा नाही. चांगला वाकून सरळ होतो.

लगेच दरेकरांची ती नजर येते, पण ती बघायला कोणी शिल्लक नव्हतं. मल्हारी हसता हसता सोफ्यावरून घसरला. महेशने कॅसेट मागे घेऊन सहा वेळा दाखवली. साळूबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आता कळलं दुसरी मालिका का आली नाही. तेरा भागांचं वाटोळं एका अंगठ्याने केलं. मुंबईवाले हसले असतील आपल्या नाशिकला. कोण तो गाढव?

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी मांडी घालून बसलो.

१ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.३०

आठवलं. पायाला काहीतरी टोचलं होतं. पण तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं, त्यामुळे माझ्या दृष्टीने ते झालंच नव्हतं.

महेशने निघताना विचारलं, पंचनामा आजच करायचा होता ना? म्हटलं, घाई नको. त्या दिवशी खरं तर दोन प्रेतं होती. एक मुख्य, एक राखीव. मी बहुधा राखीव.

राखीव प्रेत. वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मलाच पटलं.

८ फेब्रुवारी, रविवार

राखीव प्रेत कोणाला पटलेलं नाही. मंडळात मला ‘अंगठेबहाद्दर’ म्हणतात. महेशने फोनवर विचारलं, अध्यक्ष हलले का घरून? कंपनीतही पोचलं. गेटवरचा वॉचमन कार्ड पंच करताना म्हणाला, साहेब, अंगठा लावा.

अध्यक्षपदाची प्रतिष्ठा महत्त्वाची. एका ओळीच्या मोहापायी मंडळ हास्यास्पद होता कामा नये. म्हणून आज स्वतःहून पंचनामा लिहून दिला : ‘मी खाली सही करणार भारत पुंजाराम पेखळे लिहून देतो की, नवव्या भागातील सदर प्रेत मी नव्हे, पूर्वीही नव्हतो, व सदर अंगठ्याशी माझा काही संबंध नाही.’

पंच घरचेच घेतले. शुभांगीने कागद दोनदा वाचला. एवढंच विचारलं, पक्कं ना? मागाहून पलटायचं नाही. म्हटलं, मी पलटणारा माणूस दिसतो का? तिने सही केली.

सृष्टी म्हणाली, म्हणजे तुम्ही नव्हतात? म्हटलं, तसं अधिकृतपणे नाही. ती म्हणाली, पप्पा, मी वर्गात सगळ्यांना सांगितलंय. मग तिनेही सही केली. पूर्ण नाव, वळणदार अक्षरात. जेवायला बसली नाही.

एक मोठी अडचण मार्गी लागली.

१५ फेब्रुवारी, रविवार

समारंभासाठी पाहुणा हवा होता. महेशने शोधून काढला : हिरामण भोये, पेठकडचा. मालिकेला कॅमेऱ्याचा असिस्टंट होता, आता गावी नाचणी करतो. मी आणि महेश एसटीने गेलो. माणूस साधा. ओट्यावर बसवलं, चहा दिला.

महेशने त्या नजरेचा विषय काढला. उपास होता का, मृत्यू पाहिला का, वगैरे. हिरामण खूप वेळ हसला. म्हणाला, कसला उपास. त्यो नट सकाळपासून चार भजी खाऊन बसलेला. तीन टेक झाले, नाय जमलं. डोळे नुसते मेंढरावाणी. चवथ्याला त्या मुडद्याचा अंगठा हालला ना, त्याला वाटलं खरंच भूत हाय. तोंड पांढरं पडलं. लय घाबरला. डायरेक्टर बोलला, हाच ठेवा, असा पुन्यांदा नाय भेटायचा. आख्ख्या मालिकेत तेवढंच खरं हाय, बाकी सगळं खोटं.

मग म्हणाला, तो मुडदा कुठं हाय आता? त्याच्या पाया पडायचंय. त्याच्यामुळं मला पुढची दोन कामं भेटली.

मी तोंड उघडलं. महेश माझ्याकडे बघत होता. मी चहा प्यायलो. महेश म्हणाला, शोध चालू आहे.

परतीच्या एसटीत महेश खिडकीशी बसून आला आणि गुणगुणत होता.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

महेशला दुकानात गाठलं. समजावलं की तो पंचनामा मनाच्या एका विशिष्ट अवस्थेत केला होता. सदर प्रेत मीच. त्याने फाइल काढली, नियम बोट ठेवून वाचला. फाडायचा नाही, बदलायचा नाही, अध्यक्षांनीसुद्धा. म्हणाला, अक्षर तुमचंच आहे ना?

नियम करणाऱ्याने नियम करताना जरा तरी विचार करावा. कोणी केला होता कोण जाणे.

साळूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पेखळे, अंगठा गाढवाचा होता तेव्हा तुमचा नव्हता. आता कलावंताचा झाला तर तुमचा? शाळेत असतात तर बाकावर उभं केलं असतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

प्रेत सापडलं. मल्हारी.

म्हणाला, मी बोललो नव्हतो, म्हटलं कशाला मोठेपणा सांगायचा. दोन पंच आणले : बायको लंकाबाई आणि तिचा भाऊ. सह्या झाल्या. त्या दिवशी मल्हारी तिथे होता हे खरं. गर्दी मागे रेटायला त्याला दोरी धरून उभं केलं होतं. मी स्वतः पाहिलंय. चादर घालायच्या आधी.

हे सांगितलं. महेशने विचारलं, तुम्ही कुठे होतात तेव्हा?

लंकाबाई म्हणाली, आमचे हे झोपेतपण असाच अंगठा हालवतात.

सभेने टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणून मलाही वाजवाव्या लागल्या.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

शुभांगीला म्हटलं, मंडळात येऊन खरं सांग. ती म्हणाली, माझी सही तिकडे आहे, मी सही पाळते. म्हटलं, पण तुला कसं माहीत खरं काय? लग्न त्यानंतर झालं आपलं. ती गवार मोडत होती. मोडत राहिली.

प्रूफ आलं. ‘प्रेत : मल्हारी’ आणि पुढे त्याचं आडनाव चुकीचं. दुरुस्त करायचं काम माझ्याकडे.

केलं.

२९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३

समारंभ झाला. पन्नास खुर्च्या, माणसं एकवीस. प्रास्ताविक मोजकं केलं, पस्तीस मिनिटं.

शाल अध्यक्षांच्या हस्ते. मी मल्हारीला शाल घातली. नारळ दिला. हिरामण मल्हारीच्या पाया पडला. पडताना थांबला, पायांकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. वाटलं आता बोलेल. तो उठला आणि म्हणाला, पंधरा वर्सं झाली, पाय बी बदलत असतील.

मल्हारीने भाषणात सांगितलं, दिग्दर्शक मला म्हणाले होते, तुमच्यासारखं प्रेत दहा वर्षांत पाहिलं नाही. माझं वाक्य. शब्द न शब्द. त्याने ते इतकं छान म्हटलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. महेशने फोटो काढला. त्यात सगळ्यांना वाटेल मी आनंदाने रडतोय.

सृष्टी आली नाही. डोकं दुखतं म्हणाली.

१ मार्च, सोमवार. सकाळी ७.४०

सेकंड शिफ्ट. उशिरा उठलो.

चहा पिताना सृष्टीने आईला सरळ विचारलं, खरं सांग, पप्पा होते की नव्हते? माझ्याकडे बघितलंही नाही.

शुभांगी म्हणाली, होते.

मग सांगितलं. मार्च अठ्ठ्याऐंशी. विंचूरहून ती, मामा आणि मामी मुलगा बघायला आले होते. आमच्याकडे रीत आहे, कांदेपोह्यांच्या आधी मुलाला नकळत लांबून बघून घ्यायचं, कामावर कसा वागतो ते. कंपनीच्या गेटवर कळलं, मुलगा रजा टाकून शूटिंगला सोमेश्वरला गेलाय. तिघं तिकडे गेले. विचारलं, भारत पेखळे कोणता? एकाने चादरीकडे बोट दाखवलं.

मामी म्हणाली, अगं बाई, मुलगा बघायला आलो आणि हे काय बघतोय, परत फिरा. मामा म्हणाले, निदान जिवंत आहे का ते तरी बघू. तेवढ्यात टेक सुरू झाला, कोणाला विचारायची सोय नव्हती, सगळे शांत उभे. म्हणून शुभांगीने एक खडा उचलला आणि पायावर मारला.

अंगठा हलला, ती म्हणाली, तेव्हा बरं वाटलं.

मी म्हटलं, म्हणजे ती नजर, तो टेक, हिरामणची दोन कामं, सगळं तुझं? ती म्हणाली, मला कुठे यादीत यायचंय.

सृष्टीने विचारलं, आणि तरी तू हो म्हणालीस? शुभांगी म्हणाली, चार तास उभे होतो आम्ही. चार तासांत हा माणूस एक शब्द बोलला नाही. मामाला म्हटलं, असा गरीब स्वभावाचा मुलगा शोधून मिळायचा नाही.

सृष्टी इतकी हसली की चहा नाकात गेला. तीन आठवड्यांनी हसली. मग माझ्या पायावर पाय ठेवून बसली आणि म्हणाली, कोणता अंगठा? दाखवला.

मग मी बराच वेळ काही बोललो नाही. शुभांगी दोनदा स्वयंपाकघरातून डोकावून बघून गेली.