यज्ञेशदादाचं माप

३ फेब्रुवारी, मंगळवार
लागले एकदाची कामाला! उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यात, कॉम्प्युटरवर पॅटर्न काढायचं काम. अंबरनाथ पूर्वेला आत्याकडे राहते, शेअर रिक्षा दारातून मिळते. कारखान्यात जिकडेतिकडे निळं कापड. संध्याकाळपर्यंत माझी नखंसुद्धा निळी झाली. मालक देवदत्त सर अगदी हळू बोलतात. सॅम्पल शिवणाऱ्या जनाबाईंनी पहिल्याच दिवशी आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी वाढली.
आधीच्या मुलाने बऱ्याच फाइली सेंटिमीटरमध्ये ठेवल्यात, आणि कारागीर तर इंचाशिवाय बोलत नाहीत. त्यामुळे पहिलं काम म्हणजे एकेक फाइल उघडून युनिट नीट लावायचं. इथे चूक झाली की आकडा तोच राहतो, पँट मात्र भलत्याच मापाची निघते. जनाबाई म्हणाल्या, एकदा हत्तीची निघाली होती. पोट धरून हसलो.

५ फेब्रुवारी
एका फाइलला फक्त ‘यज्ञेश’ असं नाव आहे. कंबर अडतीस, लांबी बेचाळीस, युनिट सेंटिमीटर. म्हणजे तान्ह्या बाळाची पँट! पण कट सगळा पुरुषाचा. सरांना विचारलं. म्हणाले, माझा मोठा भाऊ, जांभूळ गावी घरी असतो, आजारी आहे. त्या फाइलला हात लावू नका.
दुपारी त्याची जुनी पँट परत आली. एवढीशी. आतून पांढरी साय धरलेली, दाट, बोटाला चिकटणारी. वास नासलेल्या दुधाचा. जनाबाई ती सुरीने खरवडत होत्या, आणि मधूनच त्याच हाताने भाकरी मोडत होत्या. मला जेवण गेलं नाही.

६ फेब्रुवारी
अडतीस-बेचाळीस हे सरळसरळ मोठ्या माणसाचं माप आहे, इंचातलं. आजारी माणसाला बाळाचे कपडे पाठवतात आणि कुणी बोलत नाही! सर बाहेर गेले होते. मी युनिट इंच केलं, प्लॉटरवर पॅटर्नचा कागद छापून काढला. जनाबाईंनी काही न विचारता पँट शिवली, ड्रायव्हर जांभूळला घेऊन गेला. बरं वाटलं.

९ फेब्रुवारी
सर सकाळी आले ते तसेच माझ्या टेबलाशी उभे राहिले. शर्ट पोटापर्यंत ओला, पांढरट.
“यज्ञेशदादाला जी पँट घालू, तिच्यात तो मावतो,” म्हणाले. “अंथरुणावर होता. तुमच्या आधीच्या मुलाने चुकून छोटी पँट काढली, माईने गंमत म्हणून पायात घातली, तर तो मावला. हाडं विरघळून बाहेर आली. उचलायला सोपा झाला, म्हणून राहू दिला.”
माई म्हणजे त्यांची आई. तिला दिसत नाही फारसं. तिने माझी पँट बाळाएवढ्या झालेल्या त्याच्या पायात घातली आणि मांडीवर घेऊन बसली. तो फुगला. हाडं नव्हतीच, नुसतं मांस. भिजलेल्या कणकेसारखा तिच्या अंगावर पसरला. तिच्या नाकात, तोंडात.
माई अजून त्याच्याखाली आहे, म्हणाले. ताबडतोब सेंटिमीटर करा.
त्यांच्या बाहीवरून एक थेंब माझ्या कीबोर्डवर पडला. मी मिलिमीटर केलं. पुन्हा कुणाला उचलावंच लागू नये — इतकी किळस आली होती.

१० फेब्रुवारी
जनाबाईंनी शिवलेली ती मिलिमीटरची पँट सरांनी त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या टोकाला लावली म्हणे. आक्रसला. माई गेली.
त्याला स्टीलच्या डब्यात घालून सर कारखान्यात आले, मला दाखवायला. झाकण माझ्या टेबलावर उघडलं. आत करंगळीएवढी पँट. रिकामी. कडेने सायीचा माग, डब्याबाहेर, टेबलावरून —
माझ्या पाण्याच्या बाटलीपर्यंत. बूच उघडं होतं. मी तोवर निम्मी प्यायले होते.

११ फेब्रुवारी
बोटं घालून उलट्या काढल्या. नुसतं पाणी. मिठाचं पाणी पाजलं आत्याने, म्हणते पित्त आहे.
पित्त हलत नाही. हे गिळलं की खाली जातं आणि — मग सावकाश वर, पडजिभेशी —
ढेकरेला नासकं दूध.

१२ फेब्रुवारी
चूळ भरली, पांढरं पडलं. आता सकाळपासून घामही पांढरा. आत्याने उशी बाहेर टाकली.
घसा मोकळा. त्याला वर यायचं नाहीये. तो पसरतोय — दंडात, मांड्यांत, पँटीत मावायचा तसा माझ्यात भरत —
जनाबाईंचा फोन. सरांनी विचारलंय, तुझं माप किती. मी ठेवून —

१३ फेब्रुवारी
गुडघा उलटा दुमडला. दुखलं नाही.
गादी ओली, साय — माझीच —
आत्याला हाक मारली तर आतून आधी त्यानेच —
पेन धरवत नाही, बोटात हाडच —