मतदानाच्या वेळी मी चहाला गेलो होतो

मी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त पूल अभियंता, राहत्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. हृदयाबद्दल मात्र त्या तेवढे चांगले बोलत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरे कोणी असावे लागते. हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र.

पहिले, घर. दोन खोल्या आणि आतील सर्व सामान माझ्या एकुलत्या एक मुलीला, कोणतीही अट न घालता. तिची आई गेल्यापासून मी इथे एकटा आहे. मुलगी सहा वर्षांत या घराची पायरी चढलेली नाही. किल्ली डॉक्टरीणबाईंकडे आहे. न्हाणीघराची कडी जरा उचलून लावावी लागते.

दुसरे, अभियंत्यांच्या संस्थेच्या नियम समितीतून मी निवृत्त होताना संस्थेने मला दिलेली पितळी ढाल संस्थेला साभार परत. तिच्यावर ‘एकमताच्या परंपरेतील योगदानाबद्दल’ असे कोरले आहे. याचा खुलासा करणे भाग आहे.

सरकारी खात्याला पुलांतले फारसे कळत नाही, म्हणून ते आमच्या संस्थेला विचारते. समितीची शिफारस गेली की खाते वरचा मथळा तेवढा बदलते आणि तोच नियम होतो. मात्र शिफारस एकमताची हवी. दोन मते दिसली की कागद कपाटात जातो. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली. ज्याला पटत नाही त्याने मतदानापुरते चहाला बाहेर जायचे. इतिवृत्तात लिहितात, ‘उपस्थित सदस्यांच्या एकमताने.’ कोणालाच खोटे बोलावे लागत नाही.

पादचारी पुलांची तपासणी दर वर्षी व्हावी, असे माझे म्हणणे होते. खात्याकडे माणसे अपुरी, त्यांना पाच वर्षांनी हवी होती. मी विरोधाचे टिपण लिहून नेले. अध्यक्ष माझे कॉलेजपासूनचे मित्र. पाठीमागे आम्ही त्यांना एकमतराव म्हणत असू. ते मला खिडकीपाशी घेऊन गेले.

"अरे, आज तर नियमच नाहीये. पाच तर पाच, काहीतरी पदरात पाडून घेऊ. तू टिपण जोडलंस की सगळंच बोंबललं. जा, चहा घेऊन ये."

मी टिपण खिशात घातले आणि गेलो.

नियम झाला. तिसऱ्या वर्षी कालव्यावरच्या पादचारी पुलावरून जाताना मी सवयीने एका बोल्टवर हातोडी मारली. आवाज बद्द आला, म्हणजे बोल्ट धड नव्हता. मी खात्याला पत्र लिहिले. उत्तर आले, ‘पुढील तपासणी नियमानुसार दोन वर्षांनी.’ पूल चौथ्या वर्षी पडला. सात माणसे गेली.

मुलगीही अभियंता आहे. तिने जुनी इतिवृत्ते काढून वाचली आणि घरी आली.

"बाबा, तुमचं नाव कुठेच नाही. बाजूने नाही, विरुद्धही नाही. होतात कुठे तुम्ही?"

"चहाला गेलो होतो."

ती आल्या पावली परत गेली. तिचे चुकले असे मला कधीही वाटले नाही.

तिसरे, एकमतरावांवरचा राग. तो मी कोणाला देत नाही, बरोबर नेतो. खरे तर त्यातला अर्धा माझ्याच नावावर निघेल.

चौथे, तपासणीची हातोडी मुलीला. मूठ नवी बसवली आहे. हल्ली मी ती घेऊन खिडकीचे गज, नळ, खाटेचे पाय वाजवून पाहतो. सगळे ठणठणीत आहेत. घरात दुसरा आवाज नसतो. मला फार एकटे वाटते, आणि हे सांगायला या कागदाखेरीज जागा उरलेली नाही.

पाचवे, ते टिपण. तीन आठवड्यांनी समिती हा नियम पुन्हा विचारात घेणार आहे, आणि आता मुलगी समितीवर आहे. मी स्वतः जाऊन बोललो असतो, पण डॉक्टरीणबाई तीन आठवड्यांची खात्री देत नाहीत. म्हणून टिपण आजच टपालाने तिला पाठवत आहे. त्यावर मी सही केली आहे, दहा वर्षे उशिरा. ते जोडायचे की नाही हे तिने ठरवावे. बाळ, तुलाही कोणीतरी खिडकीपाशी नेईल. त्याचे म्हणणे अगदी पटण्यासारखे असेल. तू खुर्चीवरून उठू नकोस.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर. दिनांक: बैठकीच्या अगोदरचा तिसरा सोमवार.

सही: मृत्युपत्र करणार.

साक्षीदार एक: डॉक्टरीणबाई, खालचा मजला.

साक्षीदार दोन: संस्थेच्या उपाहारगृहातला जुना माणूस. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकील म्हणतात, म्हणून माझा रेडिओ त्याने आजच न्यावा. सहीखाली स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहीन, असा त्याने हट्ट धरला. त्या आहेत तशा ठेवतो:

"त्या दिवशी मी साहेबांना चहा दिला. त्यांनी घेतला नाही. मतदान होईपर्यंत कप हातात धरून दाराशी उभे होते. दार उघडंच होतं."