वायर जोड

ट्रिना,

कागदाचा कारखाना कायमचा बंद झाला. कारखान्यातल्या डेव्हच्या ट्रकमधून अल्बर्टाला निघालोय, तिथल्या तेलविहिरींवर कोणी कामाला घेतंय का बघतो. गिटार पोटावर घेऊनच झोपली होतीस. ती बाजूला ठेवली, तुला उठवलं नाही.

हीटर बंद पडला तर त्याला खालून एक लाथ घाल, चालू होतो. आईशी भांडू नकोस. तुझ्या भिंतीवरचे ते झिपरे गिटारवालेसुद्धा स्टेजवर जायच्या आधी कधीतरी घरची भांडी घासत असतील, तेव्हा तूही घास.

मी रात्रपाळी करून दिवसा झोपायचो, म्हणून तू कायम गिटारला स्पीकरची वायर न जोडता वाजवलंस. मला कसली झोप लागतेय! भिंतीपलीकडून तुझ्या तारांची नुसती टकटक ऐकत पडून राहायचो. आता दिवसा या घरात कोणी झोपणार नाही. वायर जोड. आवाज पूर्ण वाढव. शेजारची म्हातारी ओरडली तर ओरडू दे.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये तुमचा बँड वाजवेल आणि सगळं गाव ऐकेल. तुझी गिटार मोठ्यानं कशी वाजते, ते एकट्या मलाच माहीत नसेल.

बाबा