मढ्याचं पोट

३ मार्च

पोट पुन्हा हललं! शॉट नंबर सात. मला दिसलं नव्हतं, साहेबांना दिसलं. खुर्ची पुढे ओढून पडद्यावर बोट टेकवलं — ठसा माझ्या मॉनिटरवर, पुसणार मीच — "हे बघ. बॉडी श्वास घेतेय."

बॉडी! ढब्बू म्हणायला जीभ झडते का याची? कॉलेजपासून आम्ही तिघे. हा दिग्दर्शक झाला म्हणून आता साहेब, मी संकलक झाले, ढब्बू काहीच झाला नाही आणि त्याचं त्याला काही वाटलं नाही. या पिक्चरमध्ये त्याने मढ्याचं काम मागून घेतलं. "मला पाठांतर जमत नाही, झोपायचं काम द्या." शूटिंग संपलं आणि तीन आठवड्यांत तो खरंच गेला. जिन्यात. हृदय बंद पडलं.

आता एकेचाळीस शॉटमध्ये तो मेलेला आहे आणि एकेचाळीसही शॉटमध्ये श्वास घेतोय. पोटच एवढं की चादरीखालीसुद्धा लपत नाही. ते श्वास मी पुसायचे. वीस तारखेला पिक्चर महोत्सवाला जायला हवा. सात झाले असं वाटत होतं. सहाच झालेत.

४ मार्च

पोट खाली असतानाची एक फ्रेम घ्यायची, कापायची, बाकी शॉटवर ठिगळासारखी डकवायची. मढं ज्या टेम्पोत आहे तो चालता असेल तर उजेड बदलतो, ठिगळ दिसतं. मग एकेक फ्रेम रंगवत बसा. अर्धा दिवस गेला एका श्वासावर. मान आखडली. साहेब मागे बसून बिस्किटं खात होते.

५ मार्च

गोष्ट इतकी सोपी आहे! दोन मित्र मेलेल्या तिसऱ्याला टेम्पोत घालून त्याच्या घरी पोचवायला निघतात, वाटेत त्याच्याशी जुनं भांडण उकरून काढतात आणि तो उत्तर देत नाही म्हणून आणखीच पेटतात. लिहिताना आम्ही तिघे हसून लोळलो होतो. आज तेच बघताना साहेबांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. माझ्याही नाही म्हणा.

७ मार्च

साउंडवाला आला. हेडफोन माझ्या कानाला लावून म्हणाला, "ऐक. मढं घोरतंय."

खरंच घोरत होता! एकोणिसाव्या शॉटमध्ये दोघे हीरो छाती पिटतायत आणि हा मस्त झोपलाय. आम्ही इतके हसलो की साउंडवाल्याला ठसका लागला. मग दोघांचंही हसू एकदमच संपलं. साहेब दारातून म्हणाले, "काढून टाक." संपलं. एक शब्द जास्त नाही. दगड बरा.

मी आज ते घोरणं माझ्याजवळ वेगळं ठेवलं. साहेबांना सांगितलं नाही.

९ मार्च

बावीस झाले. साहेब म्हणतात, बाराव्यात अजून किंचित हलतंय. कुठे हलतंय?! याच्या डोळ्यात हलतंय!

१० मार्च

आज लिहूनच टाकते, नाहीतर डोकं फुटेल.

ढब्बूला पोचवायला सगळे आले होते. टेम्पोवाला आला. चहावाला दुकान बंद करून आला. मेकअपवाली — तिने त्याला रोज निळं-पांढरं करून मढं बनवलं होतं — ती त्याच्या चेहऱ्याकडे बघून मटकन खालीच बसली. साहेब नव्हते. सकाळीच कळवलं होतं त्यांना. खोट्या अंत्ययात्रेचे सोळा टेक घेणारा माणूस खऱ्याला फिरकला नाही! संध्याकाळी ताईच्या, म्हणजे ढब्बूच्या मोठ्या बहिणीच्या दारात उगवला म्हणे. वरातीमागून घोडं. तोवर सगळं उरकलं होतं.

आणि आता त्याचा श्वास दिसला की याला त्रास होतो. पिक्चर संपेपर्यंत गप्प राहायचं ठरवलंय. पिक्चर संपला की याचं तोंड बघायचं नाही.

१२ मार्च

गप्प राहवलं नाही.

तेहतिसावा शॉट. हीरो मढ्याच्या छातीवर बुक्के मारतो, "बोल ना, बोल!" आणि ढब्बूला हसू फुटतं. त्याच्या मागोमाग कॅमेऱ्यामागून साहेबांचं हसणं. मी तो सगळा टेक मुद्दाम चालू ठेवला. साहेब म्हणाले, "हसायच्या आधी काप." मी म्हटलं, "तुझंही हसणं आहे त्यात, ऐकून घे." म्हणाला, "काप म्हटलं ना."

मग मात्र बांध फुटला. "तू का आला नाहीस त्या दिवशी? कसला मित्र रे तू? हेच विचारायचंय मला, बाकी पिक्चर गेला खड्ड्यात!"

 तो अगदी हळू म्हणाला, "तुला माहीत नाही?"

"नाही."

"बरं." पिशवी उचलली आणि गेला. चहा तसाच.

१४ मार्च

आला नाही. कालही नव्हता. छान. काम तरी होतंय.

१५ मार्च

एकेचाळिसावा. झाला.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलं. ढब्बू पूर्ण मेलाय. कुठेही काही हलत नाही. माझ्याइतकं सफाईदार काम कुणी केलं नसतं.  बाथरूममध्ये नळ सोडून रडले — रिकाम्या ऑफिसात नळ कशाला सोडला कोण जाणे.

१६ मार्च

ताई बघायला आली. मी नको नको म्हणत होते. ती ठामच. पहिली दहा मिनिटं पदर तोंडाशी, मग जी हसायला लागली! शेवटी म्हणाली, "झकास केलंय गं. फक्त हा एवढा गप्प कधी पडला होता? घरात याच्या श्वासाचा आवाज शेजारच्या खोलीत यायचा."



जाताना चपला घालता घालता म्हणाली, "दिग्दर्शकाला सांभाळ हो. त्या संध्याकाळी दारात उभा राहून एकच विचारत होता, खरंच का ताई, खरंच का? सगळं होऊन गेलं होतं अगं, आणि हा विचारतोय खरंच का! त्याला कुणी सांगितलंच नव्हतं का?"

"सांगितलं होतं."

"कुणी?"

तिची रिक्षा आली. बरं झालं.

१८ मार्च

साहेब आले. दाढी वाढलेली. पिक्चर सलग बघितला, एकही चूक काढली नाही. "पाठव," म्हणाले. पाठवला. दोन दिवस आधीच! आनंद व्हायला हवा होता. मला म्हणाले, "थकलीस. झोप काढ." एवढंच. भांडायला तरी यायचं होतं मेल्याने.

१९ मार्च

मीच फोन केला होता. ढब्बू गेला त्या दिवशी, सकाळी सात वाजता.

शूटिंगच्या वेळी ढब्बूला एक दिवस सुट्टी हवी होती, तेव्हाही मीच केला होता. रडका आवाज काढून, "ढब्बू गेला रे." साहेब अनवाणी धावत आला होता आणि आम्ही दोघे दाराआड हसत होतो. म्हणून खऱ्या वेळी तो म्हणाला, "रडणं जमलंय या खेपेला. पण पुन्हा घे." आणि ठेवला.

मला राग आला. मी पुन्हा केला नाही. ढब्बूला दुपारी एकला नेलं. सहा तास फोन माझ्या हातात होता.