एलेरीच्या गाडीचे शॉकॲब्सॉर्बर

लानेर्विन, वेल्स
९ फेब्रुवारी १९८६

चि. इओलो यास,
अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. थंडी हटत नाही, आणि शाळेत निम्मा वर्ग खोकतोय.

तुझी हिरवी दोन आसनी गाडी तू एलेरीला देऊन टाकलीस तेव्हा मी तुझे आभार मानले होते. त्यातले अर्धे परत घेते. नर्सिंगच्या पोरींची सकाळची पाळी पहिली बस यायच्या आत सुरू होते, म्हणून गाडी हवीच. नाहीतर तिला नर्सिंगच्या शिक्षणातली जागा सोडावी लागेल. पण रोज खिंड ओलांडून जायचं, आणि वळणावर गाडीची मागची बाजू आधी बसते, मग डुलत राहते. गॅरेजवाला ह्यू म्हणाला, शॉकॲब्सॉर्बर पार गेलेत बाई, तेल केव्हाच गळालंय, आता नुसत्या नळ्या लोंबतायत.

माझ्या ऐपतीत तीन वाटा आहेत. भंगारवाल्याकडचे जुने, कुणा अनोळखी कारखान्याचे साधे नवे, किंवा गाडीशौकिनांच्या क्लबातला हेफिन न्हावी विकतोय ते. त्याने ते शर्यतीच्या गाडीवरून काढलेत, फारसे वापरलेले नाहीत. त्यांना एक खटका आहे. तो फिरवला की ते घट्ट किंवा सैल होतात. तिन्हींबद्दल वाचलं, विचारलं, आणि आता पूर्वीपेक्षा कमी कळतंय. एलेरी म्हणते, आई, तू नवरासुद्धा इतका पारखून घेतला नसशील. खरंच आहे ते.

घाट उतरताना ती दिसेनाशी झाली की मी स्वयंपाकघरात उभी राहून गाडीचा आवाज ऐकत असते. हे बरं नव्हे, कळतं. लवकर लिही.

तुझी,
मेनिरताई


स्टॅव्हँगर, नॉर्वे
१८ फेब्रुवारी

ती. मेनिरताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बोटीवरून इकडे समुद्रात आलं तेव्हा आम्ही चार दिवस वाऱ्यात अडकलो होतो. तेलविहिरीचं हे लोखंडी मचाणसुद्धा तुझ्या गाडीइतकंच डुलत होतं, पण आम्हांला कुणी शॉकॲब्सॉर्बर विचारून आणत नाही.

जुने मुळीच घेऊ नकोस. दुसऱ्याचा दमलेला माल आपल्या पैशाने कशाला आणायचा? साधे नवे घे, चारही एकदम. एक नवा, एक जुना केलंस तर गाडी लंगडेल. आणि क्लबातल्यांचं ऐकू नकोस. ती मंडळी गाडी चालवतात कमी, पुसतात जास्त.

एलेरीला सांग, मामा विचारतोय, गाडीतला रेडिओ अजून एकाच कानाने ऐकू येतो का?

तुझा धाकटा,
इओलो


लानेर्विन
२ मार्च

चि. इओलो यास,
अ. उ. आ.

रागावू नकोस. हेफिनचेच घेतले. तुझं पत्र दोनदा वाचून घेतले, हेही कबूल करते. किंमत साध्या नव्यांइतकीच पडली, आणि मला वाटलं, जिथे आणखी घट्ट करायची सोय आहे तिथे मी सैल का पत्करू? ह्यूने बसवले. खटका शेवटपर्यंत फिरवून घट्ट करायला मीच सांगितलं. तो म्हणाला, बाई, पाठ दुखेल. मी म्हटलं, दुखू दे.

रविवारी क्लबाची मंडळी मद्यालयाच्या आवारात जमली होती. त्यांची रीत तुला ठाऊक आहे. एकेकाने गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर बूड टेकायचं, झटकन उठायचं, आणि बाकीच्यांनी गाडी किती डुलते ते बघायचं. हेफिन बसला, मग त्याची जाडजूड बायको बसली. गाडी हललीच नाही! टाळ्या पडल्या. ही गाडी आता रस्ता सोडणार नाही, असं हेफिनने भर सभेत सांगितलं. मला इतका अभिमान वाटला की घरी येताना त्या अभिमानाचाच संशय येऊ लागला. पण रात्री झोप लागली, कितीतरी दिवसांनी.

तुझी,
मेनिरताई


लानेर्विन
१३ मार्च

प्रिय इओलोमामा,
सा. न. वि. वि.

आई तुला लिहिणार नाही, म्हणून मी लिहितेय. मंगळवारी खिंडीच्या पलीकडे मेंढ्यांसाठी रस्त्यात ती लोखंडी जाळी आहे ना, तिच्या पुढच्या वळणावर रस्ता उखडलाय. गाडी तिथे टणाटण उडाली, मागची चाकं रस्त्यावर होती की हवेत ते कळेना, आणि मी गाडीसकट आडवी घसरत दगडी कुंपणाला टेकले. मागचा दिवा फुटला. मला काही झालं नाही. दोन मेंढ्या मात्र हसल्यासारख्या बघत होत्या.

आईने आरडाओरडा केला असता तर बरं होतं. ती एवढंच म्हणाली की, दोष शॉकॲब्सॉर्बरचा नाही, ते उत्तम आहेत, तुझा वेग जास्त असणार. नव्हता रे, मामा. दुधाची गाडी माझ्यापुढे निघून गेली होती! आता गाडीच्या किल्ल्या प्रार्थनाघराच्या पेटीत आहेत, आणि प्रार्थनाघराची चावी तिच्याकडे. हा आणि पुढचा आठवडा मी मैत्रिणीकडे इस्पितळाजवळ झोपतेय, पण सोमवारी चोवीस तारखेला तिची बहीण येणार. मग मला नर्सिंगची जागा सोडावी लागेल. तूच काहीतरी लिही. तुझं ऐकत नाही ती, पण वाचते तरी.

रेडिओ दोन्ही कानांनी बंद आहे.

तुझी,
एलेरी


स्टॅव्हँगर
१७ मार्च

ती. मेनिरताईस,
सा. न. वि. वि.

एलेरीने कळवलं. तिच्यावर चिडू नकोस. हे पत्र सुटीवर जाणाऱ्या एका वेल्श गड्याच्या हाती देतोय, उद्या पोचेल.

वेग तिचा नव्हता, ताई. शॉकॲब्सॉर्बरचं काम गाडी हलू न देणं हे नव्हेच. खड्डा आला की चाकाने खाली जायचं, उंचवटा आला की वर यायचं, आणि प्रत्येक वेळी रस्त्याला धरून राहायचं, एवढ्यासाठी ते असतात. शर्यतीचा रस्ता टेबलासारखा सपाट, तिथे घट्ट चालतं. आपल्या खिंडीत तू गाडीला पहिलीतल्या पोरांसारखं हाताची घडी घालून बसवलंस. मग प्रत्येक खड्ड्याला तिने उडीच मारायची. क्लबातल्यांना हे उमगत नाही, कारण ते गाडी उभी असतानाच तिच्यावर बसतात.

खटका पूर्ण सैल कर, मग थोडा थोडा घट्ट करत त्याच रस्त्याने जा. एलेरीला चालवू दे, तू शेजारी बस. तू चालवलंस तर गाडीला काय होतंय ते तिला कळणार नाही. माल वाईट नाही, तुझी निवडही तशी वाईट नाही. किल्ल्या दे.

तुझा,
इओलो


लानेर्विन
२४ मार्च

चि. इओलो यास,
अ. उ. आ.

शनिवारी गेलो. एलेरीने चालवली. पूर्ण सैल असताना गाडी इतकी झुलली की मी दोन्ही हातांनी दार धरून ठेवलं. थांबलो, ओल्या गवतात तिने पाठ टेकली, खटका थोडा फिरवला, पुन्हा निघालो. असं किती वेळा झालं, ते तिच्या कोटाच्या पाठीला विचार. प्रत्येक झोक्याला मला वाटत होतं, गेलो. पण त्या वळणावर मागची चाकं रस्त्यालाच होती. ते मला बुडाखाली कळलं, आणि एका आईला ते मान्य करायला जड गेलं. तिच्या वेगाबद्दल मी जे बोलले होते, ते गाडीतच परत घेतलं. ती म्हणाली, बरं, पण आता मेंढ्यांचीही माफी माग.

काल किल्ल्या दिल्या. आज सकाळी ती एकटी गेली. पोचल्यावर इस्पितळातल्या नाण्याच्या फोनवरून तीन घंट्या द्यायच्या आणि ठेवून द्यायचं, असं ठरलं होतं. मी उचलला नाही की तिला नाणं परत मिळतं. मी फोनशेजारी बसून हे पत्र लिहीत होते. फोन वाजला. तीन झाल्या. मग चौथी वाजली. इओलो, उठताना माझ्या हातून दौत सांडली. वरचा डाग त्याचाच आहे.

पोचले म्हणाली. नाणं मुद्दाम घालवलं, कारण एक गोष्ट तिला स्वतःच माझ्या कानावर घालायची होती. खिंडीच्या माथ्यावर तिला गाडी अजून जराशी कडक वाटली, म्हणून थांबून तिने खटका आणखी सैल केला. आम्ही दोघींनी ठरवलं होतं त्याहून सैल. मी विचारलं, आता रस्ता धरते का? ती म्हणाली, धरते. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

किती सैल, ते मी विचारलं नाही.

सुटीवर येताना गाडीसाठी रेडिओ घेऊन ये, आणि आमच्यावरची माया अशीच राहू दे.

तुझी,
मेनिरताई