पाळीवरचं व्हायबर्नम

करडी, शुक्रवार, संध्याकाळ

माफ कर वही, आज तुला फार उशिरा हाती घेतलं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, होतो. झाडाझुडपांच्या नोंदी करणाऱ्या कॉलेजच्या बाई म्हणाल्या होत्या, तिथलं पांढऱ्या फुलांचं झुडूप व्हायबर्नमच्या जातीचं असेल. पण पिकलेलं फळ हाती आल्याशिवाय नोंद होत नाही. फळं अजून हिरवीच. आणि उद्या गाव पाळ साफ करणार, पेरणीआधी दरसाल करतं तशी.

शेजारचा गोविंदा हसला, "बुढेबाबा, झुडपाले काहून कुरवाळून रायले? लगन लावता का त्याचं?"

तो गेल्यावर बुडाशी दगड मांडला, शेंदूर फासला. आता कुऱ्हाड लागत नाही.

पण घरी निघालो तर गोविंदाचीच बायको तिथं उदबत्ती लावत होती. म्हणाली, "मामाजी, याची काडीबी कोणाले तोडू देऊ नोका."

मग बाईंना फळाची फांदी कशी मिळेल? हे आधी का नाही सुचलं?

असो. देव मी बसवला, तर देवाच्या मनातलंही मीच सांगेन: एक फांदी बाईंची. फळं हिरवी आहेत तोवर सांगायला सुरुवात करतो. बाई, कधी येता ते लवकर कळवा, दगडापुढं नारळ फुटायला लागायच्या आत.