रोकेयाखालांची कांथा

वॉटफर्ड, रविवार

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी वेळेवर जेवते, काळजी नको. बाबांचा खोकला थांबला का, की तुला हे पत्र वाचून दाखवतानाही येतोय? आज मात्र मी भयंकर चिडले आहे.

इथे बांगलादेशी कलांचा मेळा होता. शेजारच्या रोकेयाखालांनी (खाला म्हणजे मावशी) स्वतः शिवलेली जुन्या साड्यांची कांथा, अगदी तुझ्या गोधडीसारखी, आयोजकांनी काचेमागे लावली होती. खाली पाटी: 'कारागीर अज्ञात'. आणि खाला तिथेच सगळ्यांना चहा देत होत्या!

मी नाव घालायला सांगितलं, तर आयोजक म्हणाले, "आता पाट्या छापून झाल्या." खालाही मलाच म्हणाल्या, "जाऊ दे, बेटी." मी पेनाने पाटीवर त्यांचं नाव लिहिलं. तेव्हा कुठे त्यांनी ट्रे खाली ठेवला.

तूही नेहमी "जाऊ दे"च म्हणतेस. मी तुला सही शिकवली होती ना? माझ्यासाठी शिवतेस त्या गोधडीच्या कोपऱ्यात ती सही टाक्यांनी घाल. नाहीतर मी पांघरणार नाही.

तुझी रागावलेली,
वरदा